हाताने घडवलेल्या प्रतिकृतींचा विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि सातारा भागात रेल्वे, जहाजे, किल्ले, देवळे आणि बैलगाड्या यांच्या प्रतिकृती करणाऱ्या आम्हा छंदिष्टांचा एक लहानसा गट आहे. गटाकडे विम्याविषयी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते वाढतात, म्हणून उत्तरे मी एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. कंपनीगणिक अटींमध्ये थोडाफार फरक असतो. तुमच्या हातातील पॉलिसीच्या कागदावर वेगळे लिहिलेले असेल तर तेच प्रमाण मानावे.

1. घरी हाताने बनवलेल्या प्रतिकृतीचा विमा खरेच उतरवता येतो का?

येतो. छंदाच्या प्रतिकृतींसाठी खास नावाची पॉलिसी शोधत बसण्याची गरज नाही, कारण प्रतिकृती हे तुमच्या घरातील सामान आहे आणि घरातील सामानाचा विमा सर्वसाधारण विमा देणाऱ्या बहुतेक कंपन्या करतात. खरी अडचण प्रतिकृतीची किंमत आधी ठरवून कागदावर आणण्यात आहे (प्रश्न 5 आणि 6 पाहा).

2. माझ्या घराचा विमा आहे. त्यात कपाटातील प्रतिकृती आपोआप येतात का?

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाईने, ठरवून दिलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात इमारत आणि सामान असे दोन्ही घेतले, तर इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, परंतु जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, सर्वसाधारण सामान वेगळी यादी न देता विम्यात येते. उदाहरणार्थ, इमारत 30 लाखांची असेल तर सामानाला 6 लाखांचे संरक्षण मिळते. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, पाण्याची टाकी फुटणे अशी संकटे त्यात धरलेली आहेत.

तथापि त्या 6 लाखांत फ्रीज, पलंग, गाद्या आणि भांडीही असतात, आणि नुकसानीच्या वेळी यादीतील ‘एक लाकडी शोभेची वस्तू’ या ओळीला कोणी मोठी किंमत देत नाही. म्हणून चांगल्या प्रतिकृती मौल्यवान वस्तूंच्या ऐच्छिक भागात, मान्य केलेल्या किमतीवर, नावानिशी घालाव्यात असे माझे मत आहे. चित्रे, कलावस्तू, दुर्मिळ वस्तू आणि तशा प्रकारचे सामान या भागात बसते. या भागाची एकूण रक्कम 5 लाखांपर्यंत आणि एका वस्तूची किंमत 1 लाखापर्यंत असेल, तर मूल्यांकन करणाऱ्याचा दाखला लागत नाही. तुमची प्रतिकृती कलावस्तू धरली जाईल की साधे सामान, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे आणि पॉलिसीला जोडलेल्या यादीत ती दिसते का, हे स्वतः वाचून पाहावे. एजंटच्या तोंडी आश्वासनावर थांबू नये.

3. गृहकर्जाच्या वेळी बँकेने विमा काढून घेतला होता. तो पुरेसा नाही का?

असा विमा बहुधा फक्त इमारतीचा असतो, कारण बँकेचे हित भिंती आणि छत यांत गुंतलेले असते. पॉलिसीत सामानाची रक्कम वेगळी लिहिलेली आहे का ते पाहा. नसेल तर प्रतिकृतींना विमा नाही, असेच समजावे.

4. आम्ही भाड्याच्या घरात राहतो. मग?

भाडेकरूला इमारत वगळून फक्त सामानाचा विमा घेता येतो. घरमालकाच्या पॉलिसीत तुमच्या वस्तू येत नाहीत.

5. बाजारात जिची किंमतच नाही अशा वस्तूचे मोल कसे ठरवायचे?

तीन आकडे वेगवेगळे काढावेत. पहिला साहित्याचा: बाल्सा, प्लाय, शिवण किंवा सागाचे तुकडे, पितळी पत्रा, रंग, गोंद. दुसरा विकत घेतलेल्या भागांचा: मोटर, रूळ, चाके, इलेक्ट्रॉनिक भाग. तिसरा घडवण्याच्या मजुरीचा. याच आकड्यावर सगळे अडते.

विमा रकमेचा आधार ‘तशीच वस्तू पुन्हा उभी करण्याचा खर्च’ हा असतो. म्हणून मजुरीचा आकडा स्वतःच्या मनाने न लावता दुसऱ्या कारागिराकडून लेखी कोटेशन घ्यावे: हे आराखडे आणि हे फोटो पाहून अशीच प्रतिकृती करायला किती घ्याल? समजा साहित्य 11,400 रुपये, विकतचे भाग 18,600 रुपये आणि कारागिराचे कोटेशन 55,000 रुपये असेल, तर किंमत 85,000 रुपये होते आणि प्रत्येक आकड्यामागे कागद असतो.

माझेच उदाहरण देतो. मिरज-कुर्डुवाडी हा मार्ग नॅरोगेज होता, तेव्हाच्या एका लहान स्टेशनाची प्रतिकृती मी 1:87 या प्रमाणात केली. त्या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर 762 मिलिमीटर. 87 ने भागल्यावर ते पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणून बाजारात मिळणारा 9 मिलिमीटरचा रूळ वापरता आला. इंजिन, डबे, फलाटाचे कठडे आणि पाण्याची टाकी मात्र हाताने घडवावी लागली, कारण त्या गाडीचे तयार भाग मला कुठेही मिळाले नाहीत. ‘बाजारातून दुसरे आणा’ हा पर्यायच नव्हता, आणि हे वाक्य मूल्यांकनाच्या टिपणात अवश्य लिहावे.

एक सूचना: दाखल्याशिवाय चालणारी 1 लाखाची मर्यादा (प्रश्न 2) चुकवण्यासाठी सलग असलेल्या एका देखाव्याचे कागदावर दोन तुकडे करू नयेत. खोटी किंवा अर्धवट माहिती दिली, हे कारण दावा नाकारायला पुरेसे ठरते.

6. मी चार वर्षे राबलो त्याचे पैसे मिळतील का?

आधी ठरलेले नसेल तर बहुधा मिळणार नाहीत. विमा भावनेचे मोल देत नाही आणि स्वतःच्या रिकाम्या वेळेत केलेल्या कामाचा खर्च तुम्ही कोणाला दिलेला नसतो, त्यामुळे सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करून रकमेचा अंदाज काढणारा, साहित्याचाच हिशेब मांडतो.

ऑगस्ट 2019 च्या पुरात माझे स्टेशन सांगलीच्या गावभागातील घरी टेबलावर होते. पाणी ओसरल्यावर पाहिले, तर एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा, पाया चहात भिजलेल्या खारीसारखा पदर सुटून फुगला होता आणि फलाट बोट लावताच गळून पडत होता. घरातील सामानाचा विमा होता, पण प्रतिकृती त्यात वेगळी लिहिलेली नव्हती. सर्व्हेअरने ती ‘खेळणी’ या सदरात टाकली, आणि मान्य झालेल्या रकमेत रुळाचा खर्चही निघाला नाही. मला त्याचा राग आला होता आणि आजही वाटते की दहा मिनिटे थांबून ती वस्तू पाहायला हवी होती. परंतु त्यांच्यासमोर ठेवायला माझ्याकडे एकही कागद नव्हता, हेही तितकेच खरे आहे. मान्य किमतीवर (प्रश्न 2) आणि कोटेशनसह (प्रश्न 5) नोंद केली, तर मजुरी त्या किमतीतच धरली जाते आणि नंतर वाद उरत नाही.

7. पावत्या ठेवल्या नाहीत. आता काय करावे?

आजपासून नोंद सुरू करावी. काम चालू असतानाचे फोटो सर्वांत उपयोगी पडतात, कारण त्यांतून आतील सांगाडा आणि हाताचे काम दिसते. पूर्ण झालेल्या प्रतिकृतीचा फोटो विकत घेतलेल्या वस्तूसारखाच दिसू शकतो. बाजूला पट्टी ठेवून चारही अंगांनी फोटो काढावेत आणि ते स्वतःला ईमेल करावेत, म्हणजे तारीख राहते व मोबाइल पाण्यात गेला तरी पुरावा टिकतो. ऑनलाइन घेतलेल्या भागांच्या जुन्या नोंदी खात्यात सापडतात. स्थानिक दुकानदाराकडून जुन्या तारखेची पावती मात्र करून घेऊ नये.

8. कृष्णेच्या पुराचे नुकसान मिळते का? पाणी वाढू लागल्यावर विमा घेतला तर चालेल का?

पूर आणि पाणी शिरून झालेले नुकसान ‘भारत गृह रक्षा’मध्ये मुळातच धरलेले आहे, मग पाणी थेट नदीचे असो वा नाल्यातून मागे आलेले असो. जमिनीतून हळूहळू चढलेली ओल मात्र पुरात मोडत नाही (प्रश्न 10 पाहा).

वेळेच्या बाबतीत ढिलाई करू नये. विमा कायद्याच्या कलम 64व्हीबी नुसार हप्ता कंपनीकडे पोहोचल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी आहे, आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. कोयनेचा विसर्ग वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्यावर आणि नदीकाठची कुटुंबे हलू लागल्यावर अर्ज केला, तर कंपनी तो थांबवून ठेवू शकते, आणि पाणी दारात आलेले असताना ती गोष्ट लपवून घेतलेला विमा टिकत नाही. नूतनीकरणाची तारीख एप्रिल-मे मध्ये येईल अशी ठेवणे सोयीचे.

आता सर्वांत अवघड प्रसंग. पाणी येणार म्हणून तुम्ही प्रतिकृती उचलून विश्रामबागेतील नातेवाइकांकडे नेली आणि तिथे किंवा वाटेत ती मोडली, तर काय? घराच्या पॉलिसीतील संरक्षण त्या घरातील सामानाला असते. तुम्ही स्वतः दुसरीकडे हलवलेल्या वस्तूचे नुकसान त्यात धरले जात नाही. 2021 च्या जुलैमध्ये दुरुस्त केलेले स्टेशन मी टेम्पोतून बहिणीकडे हलवले, रस्त्यात सिग्नलचा कोपरा मोडला, आणि त्याचे काहीही मिळाले नाही. तरीही माझे उत्तर ठाम आहे: हलवावी. नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घेणे हे विमाधारकाचे कर्तव्यही आहे. फक्त निघण्यापूर्वी फोटो काढावेत, आणि कोणती वस्तू, कोणत्या पत्त्यावर, किती दिवसांसाठी नेत आहोत हे कंपनीला ईमेलने कळवून त्या पत्त्यापुरते संरक्षण लेखी मागावे. ही विचारणा पावसाळ्यापूर्वीच केलेली असेल तर फार बरे, कारण ऐन पुरात उत्तर मिळत नाही. घरातच वरच्या मजल्यावर किंवा पोटमाळ्यावर नेल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

9. मांजराने कपाटावरून जहाज पाडले. दावा करता येईल का?

घराच्या साध्या पॉलिसीत नाही. तिच्यात ठरावीक संकटेच धरलेली असतात आणि हातून पडणे, मुलांनी ओढणे, पाळीव प्राण्याने पाडणे ही त्यांत नाहीत. त्यासाठी ‘ऑल रिस्क’ प्रकारचे संरक्षण लागते. त्याचा हप्ता जास्त असतो, आणि हाताने केलेल्या नाजूक वस्तूंना ते द्यायला कंपन्या सहज तयार होत नाहीत. काचेची पेटी करून घेणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

10. वाळवी, बुरशी, उन्हाने वाकणे यांचे काय?

हळूहळू होणारी झीज, कीड, गंज, बुरशी आणि ओल यांना कोणतीही नेहमीची पॉलिसी भरपाई देत नाही. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचे भाग करणाऱ्यांनी विशेष ध्यान द्यावे: हे प्लास्टिक 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, आणि एप्रिलच्या उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत त्याचे भाग वाकू शकतात. तो विम्याचा विषय नाही.

11. चोरी झाली तर?

‘भारत गृह रक्षा’मध्ये चोरी मर्यादितच आहे: आग, पूर अशी विम्यातील घटना घडल्यापासून 7 दिवसांच्या आत, त्या घटनेमुळे झालेली चोरी. घर सोडून जावे लागलेल्या पूरग्रस्तांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि तिथेही कुलूप किंवा दार फोडल्याच्या खुणा अपेक्षित असतात. वस्तू कधी गेली हे सांगता येत नसेल तर दावा उभा राहत नाही. एफआयआर लगेच नोंदवावा; त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

12. बॅटरी चार्ज होताना पेटली आणि टेबल जळाले. सगळे मिळेल का?

ज्या यंत्रात शॉर्टसर्किट झाले किंवा जे स्वतः तापून जळाले, तेवढे यंत्र वगळले जाते. त्यातून पसरलेल्या आगीत जळालेल्या शेजारच्या वस्तूंचे नुकसान मिळू शकते. म्हणजे चार्जर आणि बॅटरी यांचे नुकसान तुम्हीच सोसायचे, बाकीचे दाव्यात घालता येते. लिथियम-पॉलिमर बॅटरी प्रतिकृतीतून बाहेर काढून, फरशीवर, कोणी जागे असताना चार्ज करावी.

13. आठ डब्यांपैकी दोनच डबे गेले, पण आता गाडी अपुरी झाली. पूर्ण गाडीची किंमत मिळेल का?

नाही. संचातील जेवढ्या वस्तू गेल्या तेवढ्याच धरल्या जातात. म्हणून यादी करतानाच प्रत्येक डब्याची किंमत वेगळी लिहावी.

14. साताऱ्याच्या प्रदर्शनात अजिंक्यताऱ्याची प्रतिकृती न्यायची आहे. घराचा विमा चालतो का?

चालत नाही; कारण प्रश्न 8 मध्ये आले आहे. प्रवासासाठी मालवाहतुकीचा विमा आणि मांडणीच्या दिवसांसाठी त्या जागेपुरते वेगळे संरक्षण लागते. आयोजकांनी सामुदायिक पॉलिसी घेतली असल्यास तिच्यात तुमचे नाव, प्रतिकृतीचे वर्णन आणि किंमत आहे का हे विचारावे. वाहतुकीच्या विम्यात अपुरे पॅकिंग हे दावा नाकारण्याचे नेहमीचे कारण असते, म्हणून पेटी बंद करण्यापूर्वीचा आतील फोटो ठेवावा. कुरियरची जबाबदारी पावतीवर छापलेल्या रकमेपुरती असते, आणि ती रक्कम प्रतिकृतीच्या किमतीच्या मानाने अगदीच थोडी असते.

15. मी ऑर्डर घेऊन प्रतिकृती विकतोही. तरी घराचाच विमा चालेल ना?

विक्रीसाठी ठेवलेला माल आणि कामाची हत्यारे घरगुती सामानात बसत नाहीत. 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे आणि ती लहान कार्यशाळेला योग्य आहे. तिच्यात विमा रक्कम खऱ्या किमतीपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर ती कमतरता माफ असते. त्याहून कमी दाखवल्यास भरपाईही त्या प्रमाणात घटते. गिऱ्हाइकाची दुरुस्तीला आलेली प्रतिकृती दुसऱ्याच्या मालकीची असल्याने तिचा उल्लेख पॉलिसीत स्पष्टपणे करून घ्यावा.

16. रिमोटवर उडणाऱ्या विमानाचे काय?

आकाशातून पडून विमान मोडणे घराच्या पॉलिसीत येत नाही. ते दुसऱ्याच्या अंगावर किंवा गाडीवर पडले तर काय, हा प्रश्न वेगळा आहे. ड्रोन नियम 2021 मध्ये त्रयस्थ पक्षाच्या विम्याची तरतूद आहे आणि 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो वर्गाला त्यातून सूट आहे.

17. मुलांनी दिवाळीत अंगणात केलेला किल्ला विम्यात येतो का?

मातीचा, चार दिवसांसाठी उघड्यावर केलेला किल्ला या विम्यात बसत नाही. घरात जपून ठेवलेला लाकडी किंवा प्लास्टरचा किल्ला बसतो.

18. आराखडे आणि मोजमापांची वही भिजली. त्यांचे पैसे?

हस्तलिखिते, नकाशे, आराखडे आणि कागदपत्रे, पॉलिसीत स्पष्टपणे समाविष्ट केलेली नसतील तर, वगळलेली असतात. वही आजच स्कॅन करून ठेवा. माझ्या मते प्रतिकृतीपेक्षाही ती वही जपायला हवी, कारण वही असेल तर दुसरा कारागीर कोटेशन तरी देऊ शकतो.

19. नुकसान झाल्यावर पहिल्या दिवशी काय करावे?

कंपनीला लगेच फोन करून दाव्याचा क्रमांक घ्यावा आणि तीच माहिती ईमेलनेही पाठवावी. भिंतीवरील पाण्याची रेघ पुसण्यापूर्वी तिच्याशेजारी टेप धरून फोटो काढावा. पूर ओसरल्यावर घरोघरचा चिखल आणि भिजलेले सामान रस्त्यावर टाकले जाते व गाड्या ते उचलून नेतात. त्या घाईत मोडलेली प्रतिकृतीही जाते आणि पुरावा संपतो. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत तिचे तुकडे वेगळ्या पोत्यात, नाव लिहून ठेवावेत. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत घ्यावी. ती विम्याच्या दाव्याची जागा घेत नाही, परंतु घरात पाणी होते याचा तो सरकारी पुरावा आहे.

20. दावा नाकारला किंवा फारच कमी रक्कम दिली. पुढे काय?

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांसाठी पुण्याचे कार्यालय आहे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. 2019 मध्ये हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक होईपर्यंत वर्षाची मुदत उलटून गेली होती.

21. भरपाई मिळाल्यावर मोडलेली प्रतिकृती कंपनी घेऊन जाते का?

पूर्ण किंमत दिल्यास उरलेल्या अवशेषांवर कंपनीचा हक्क असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अवशेषांची काही किंमत ठरवून ती दाव्यातून वजा केली जाते आणि वस्तू तुमच्याकडे राहते. तुम्हाला ते अवशेष हवे असतील, तर सर्व्हेअरला पहिल्या भेटीतच तसे लेखी कळवावे. माझ्या स्टेशनाच्या अवशेषांची किंमत 150 रुपये लावली होती. ती वजा झाली, आणि त्यातून निघालेला रूळ, पितळी सिग्नल व पाण्याची टाकी नव्या फलाटावर पुन्हा बसवता आली.